व्याह्यांसाठी बिअर

लेकीच्या, तेजस्वीच्या, लग्नाची बोलणी सुरू होती तेव्हाच आकाराम चौगुले कात्रीत सापडला, आणि ती कात्री त्याच्या सख्ख्या मेहुण्यानं धरली होती.

या मेहुण्याला, सम्राटला, गप्प बसणं ठाऊक नव्हतं. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वावरून त्याला ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि ओरडून बोलणाऱ्या माणसाला आपण जे बोलतो ते बरोबरच असतं असं वाटत राहतं. बैठकीत मुलाचे वडील, गारगोटीचे अमरसिंह देसाई, मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "आमचं एक हाय बघा. जो माणूस आमच्यासंगं बसत न्हाय, त्याच्यासंगं आमचं जमत न्हाय." यावर हसून चहा पुढं करता आला असता. पण सम्राट पुढं सरकला. "दाजींची काळजी सोडा. बिअर निवडावी तर आमच्या दाजींनीच. अख्ख्या उद्यमनगरात असा जाणकार न्हाय. बस्त्याच्या दिवशी बाया कापडाच्या दुकानात, आन आपण मळ्यावर. बघाच तुमी." देसाई खूश झाले. आकाराम तिथंच पोह्यांची बशी हातात धरून बसला होता. त्याच वेळी त्यानं तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही.

बरं, सम्राट खोटं बोलला असंही नाही. रविवारी कुणाच्या तरी मळ्यावर मटण शिजवून खाणारं त्यांचं मित्रमंडळ होतं, आणि तिथं बिअर आणायचं काम वर्षानुवर्षं आकारामचंच होतं. तो बाटलीवरची तारीख बघायचा, उन्हात राहिलेली पेटी दुकानदाराच्या तोंडावर परत करायचा, बाटली उजेडात धरून तळ निरखायचा. बिअरमधलं ग्लिसरीन काढतो म्हणून बाटली पाण्यात उलटी धरून बसणाऱ्या शहाण्यांना तो जवळ उभं करायचा नाही. पण हे ज्ञान त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. मंडळाच्या रविवारला सोमवार चिकटला, मग मंगळवार. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्याच्या लेथच्या दुकानाचं शटर दिवसाउजेडी पडायला लागलं. शेवटी रोज दोन बाटल्या घरात यायला लागल्या. बायको वर्षाराणी घर धुंडाळायची, म्हणून तो त्या टॉवेलात गुंडाळून तेजस्वीच्या कपाटात, तिच्या पुस्तकांमागं ठेवायचा. टॉवेलात बाटल्या वाजत नाहीत, आणि पोरीच्या पुस्तकांना आई हात लावत नाही.

पोरीला ते शाळेत असल्यापासून माहीत होतं. तिनं आईला कधी सांगितलं नाही. आई खोलीत आली की ती कपाटाला पाठ लावून अभ्यासाला बसायची, एवढंच. हे तिनं बापाला सांगितलं गेल्या चैत्रात, जोतिबाच्या डोंगरावर, गर्दीच्या रेट्यात उभं राहून. रडली नाही की आवाज चढवला नाही. "पप्पा, मी एवढी वर्षं तुमची राखणदार होते. आता मला जमणार नाही," म्हणाली आणि गुलालानं भरलेली ओंजळ पुढं केली. आकारामनं त्या गुलालावर हात ठेवला. "तू ऱ्हाशील त्या घरात हा वास येणार न्हाय," असं तो म्हणाला. त्यानंतर त्यानं थेंब घेतला नव्हता. जोतिबाच्या गुलालाची भीती त्याला होतीच, पण त्याहून जास्त भीती त्या ओंजळीची होती.

मग देसायांना सरळ सांगायचं की, मी सोडली. सांगणाऱ्याचं काय जातं? सोडली म्हटलं की आधी किती धरली होती, हा प्रश्न आलाच. मध्यस्थानं तर 'घरात व्यसनी कुणी नाही' असं छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. डॉक्टरनं बंद केलीय म्हणावं, तर सोयरिकीत मुलीच्या बापाच्या आजाराची चौकशी थेट दवाखान्यापर्यंत जाते. आणि देसायांची अट तर सगळ्यांसमोर बोलून झालेली. मुलगा, राजवीर, दूध डेअरीत नोकरीला होता; शांत, मान खाली घालून बोलणारा. तो तेजस्वीला मनापासून आवडला होता. आपल्या एका पेल्यावरून तिचं लग्न अडलं तर तिला तोंड कसं दाखवायचं, आणि पेला घेतला तर कसं दाखवायचं, या विचारानं आकारामची झोप उडाली.

"दाजी, बिअर म्हंजे काय दारू हाय व्हय?" सम्राट गाडी चालवता चालवता म्हणाला. बस्त्याचा रविवार उजाडला होता. दोन्हीकडच्या बायका महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात सोडून दोघं खरेदीला निघाले होते. "एक गिलास घ्यायचा, पावण्यांचा मान राखायचा, उद्यापासनं परत बंद. कोण बघाय येतंय?"

"तेजूला सांगू असं?"

"पोरीला कशाला सांगाय पायजे?" सम्राटनं हॉर्न वाजवला. त्याला यापुढं काही कळणार नव्हतं.

दारूच्या दुकानात जाळीमागं पिराजी होता, पूर्वीचाच. आकारामला बघून त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशी हाक मारली. "आण्णा, लई दिसांनी. मला वाटलं गेलासा काय वर." लोक हसले. आकारामही हसला, कारण न हसून करणार काय. मग पिराजीनं पेटी पुढं सरकवली आणि आकारामचे हात आपोआप कामाला लागले. ही नको, तारीख जुनी. ही नको, दारातल्या उन्हात होती. आतली काढ, फळीमागची. सम्राट कानाशी म्हणाला, "देसायांना स्ट्राँगच लागती. माइल्ड दिली तर अपमान हुतोय." आकारामनं स्ट्राँगमधली चांगली निवडली. गार बाटली तळव्यात आली तसा अंगठा सवयीनं बुचाखाली जाऊन बसला. त्याला ती हवी होती. इतके महिने झाले, गुलाल झाला, पोरीची ओंजळ झाली, तरी हवी होती, आणि याची त्याला दुकानात उभ्या उभ्या लाज वाटली.

सम्राट बर्फ आणायला गेला तेवढ्यात आकाराम पलीकडच्या मोठ्या किराणा दुकानात शिरला. तिथं फळांच्या रसाशेजारी बिनदारूची बिअर मिळते, हे त्यानं मागं एकदा बघून ठेवलं होतं. बाटली तशीच हिरवी, फेस तसाच. त्यानं दोन घेतल्या आणि ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या मानेला रबर गुंडाळलं. पेटीत कोपऱ्यात ठेवल्यावर त्याला जरा हायसं वाटलं. यजमान आपण, ओतणार आपण, मग कुणाला कळणार होतं?

कळंब्याला चाललोय म्हटलं की कोल्हापुरात लोक आधी हसतात, कारण तिथं जेल आहे. सम्राटनं तो विनोद वाटेत दोनदा केला. आकारामला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

कळंब्याच्या तलावापलीकडं सम्राटच्या मित्राचा मळा होता. आचाऱ्यानं चुलीवर पातेली चढवली होती, आंब्याखाली सतरंज्या पडल्या होत्या. देसाई आले ते चार-पाच भाऊबंद घेऊन, पांढरेशुभ्र कपडे, खणखणीत आवाज. आल्या आल्या त्यांनी आकारामला मिठी मारली. वागण्यात कसला आडपडदा नाही, माणूस मोकळा होता. राजवीर मागून आला, सगळ्यांच्या पाया पडला. त्याची गाडी सावलीत असल्यामुळं सम्राटनं न विचारताच जास्तीचा बर्फ तिच्या डिकीत नेऊन टाकला.

आकारामनं ओतायला घेतलं. आधी देसायांचा ग्लास, तिरका धरून, फेस बेतात ठेवून. मग भाऊबंदांचे. शेवटी रबरवाली बाटली काढून आपला. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं ग्लास उचलला, आणि आता एक घोट घेतला की सुटलो, असं मनाशी म्हणाला.

"थांबा, थांबा," सम्राट ओरडला. "अशी कशी सुरवात? व्याही भेट कुठं झालीया अजून?"

व्याही भेटीत दोघं व्याही एकमेकांना हार घालतात, टोपी-उपरणं देतात, पेढा भरवतात. मळ्यावर हार नव्हता आणि पेढाही नव्हता. सम्राटचं डोकं अशा वेळी फार चालतं. "गिलास बदला. दाजींचा देसायांना, देसायांचा दाजींना. एकमेकांच्या हातनं घ्यायची. असली व्याही भेट उभ्या जिल्ह्यात झाली नसंल."

भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. देसाई तर लगेच हात पुढं करून उभेच राहिले. आता नाही म्हणायला कारण हवं, आणि आकारामकडं खऱ्याशिवाय दुसरं कारण नव्हतं. त्याचा ग्लास देसायांच्या हातात गेला आणि देसायांचा त्याच्या हातात आला. तो वास नाकाशी आला तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. समोर मोबाइलचे डोळे. हे चित्र उद्या घराघरांत फिरणार, तेजस्वीच्या मोबाइलवर तर सगळ्यात आधी जाणार.

देसायांनी मोठा घोट घेतला आणि ते थांबले. त्यांनी ग्लासात बघितलं, मग आकारामकडं बघितलं. आकारामला वाटलं, झालं. व्याह्यांना खोटी बिअर पाजली म्हणून आता सगळ्यांसमोर अब्रू जाणार.

देसायांनी त्याला जवळ ओढून मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, "पावणं, ही आपली न्हवं. ती हिकडं द्या." आणि आकारामला कळायच्या आत त्याच्या हातातला ग्लास त्यांच्या हातात, त्यांच्या हातातला आकारामच्या हातात. "दोन येळा बदलली," ते मोठ्यानं म्हणाले, "नातं डबल पक्कं." सगळे हसले. पुन्हा टाळ्या पडल्या.

आकाराम खाली बसला. त्यानं आपली बिनदारूची बिअर, म्हणजे नुसतं सातूचं पाणी, घोटभर घेतली आणि देसायांबद्दल त्याचं मन भरून आलं. केवढा मोठ्या मनाचा माणूस. ओळखलं, पण चारचौघांत अब्रू राखली. अशा घरात पोरगी पडते आहे, आणखी काय हवं? एवढा हलका तो कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि त्या हलकेपणात त्यानं देसायांकडं पुन्हा एकदा कौतुकानं बघितलं.

टाळ्या थांबायच्या आत त्यांचा ग्लास रिकामा झाला होता.

आकारामला आठवलं की, ग्लास बदलताना देसायांच्या बोटातली अंगठी काचेवर टिकटिक वाजत होती. तेव्हा त्याला ती घाई वाटली होती. आता हात स्थिर होता, चेहरा सैल झाला होता, डोळ्यांत ओल आली होती. हे स्थिर होणं आकारामला चांगलं माहीत होतं. त्याचा स्वतःचा हात कितीदा असाच पहिल्या ग्लासानंतर थांबला होता. म्हणजे ते अब्रू राखणं वगैरे काही नव्हतं. माणसाला त्याचा ग्लास परत हवा होता.

त्यानं राजवीरला शोधलं. तो विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. हातात ताट, ताटातली भाकरी मोडलेली नाही. त्याची नजर बापाच्या ग्लासावर होती. ग्लास भरला की नजर वर जायची, ओठाला लागला की थांबायची, खाली आला की खाली. त्या नजरेत राग नव्हता. नुसती राखण होती. अशा नजरेचं माणूस आपल्या घरात वर्षानुवर्षं होतं आणि आपल्याला दिसलं नाही, हे आकारामला आत्ता कळलं.

"बर्फ संपला की हो," सम्राट ओरडला.

"आणतो," म्हणून आकाराम उठला. त्याला तिथून उठायचंच होतं.

राजवीरच्या गाडीची डिकी उघडी होती. बर्फाची पिशवी ओढताना जादा चाकाच्या मागं एक टॉवेल दिसला, नीट गुंडाळलेला. तो उलगडायची गरज नव्हती. आकारामनं नुसता हात ठेवला. दोन माना हाताला लागल्या.

"मामा, मी देतो की बर्फ," मागून राजवीर धावत आला. आकारामचा हात कुठं आहे ते बघून तो जागीच थांबला.

आकारामनं विचारलं, "कुणापासनं लपिवलंय?"

"आईपासनं."

"ठेवतं कोण?"

"मीच." राजवीरनं मान खाली घातली. "न्हाय ठेवली तर पप्पा गाडी घेऊन भाईर पडत्यात. मग आई दारात बसून ऱ्हाती. त्यापरास हे बरं. निदान डोळ्यांफुडं तरी असत्यात."

"म्हंजे राखण तुमची."

"व्हय."

"माझं तुमाला काय ठावं हाय?"

"सगळं. तेजूनं पहिल्याच भेटीत सांगितलं. तुमी सोडलीसा त्ये बी." तो अडखळला. "म्हणाली, मला श्रीमंत घर नको, जिथं कपाट म्हंजे नुसतं कपाट असंल असं घर पायजे. तवाच मी सांगाय पायजे हुतं. तोंडच उघडलं न्हाय माझं. मग बोलणी झाली, साखरपुडा झाला. आता कसं सांगू?"

आकारामला त्याच्यावर चिडायचं होतं. पण पोह्यांची बशी धरून बसलेला आकाराम आणि हा पोरगा यांच्यात फरक तरी काय होता? दोघांनीही लग्न मोडेल म्हणून तोंड मिटलं होतं, आणि त्यात अडकणार होती ती तिसरीच.

त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. तेजस्वीचा होता.

"पप्पा, घेतली नाही ना?"

"न्हाय."

"खरं?"

"गुलालाची आण."

तिकडून हसणं ऐकू आलं. मागं बायकांचा गलका होता, दुकानदार काठाबद्दल काहीतरी सांगत होता. "ऐका ना, शालू मिळाला. डाळिंबी. आई आणि सासूबाई दोघींना एकदम आवडला, म्हणजे नवलच. बांधायलाच दिलाय आता. राजवीरना फोटो पाठवलाय, पण ते बघतच नाहीत. तुमचं तिकडं कसं चाललंय? सासरे खूश आहेत ना तुमच्या बिअरवर?"

आंब्याखालून देसायांची हाक आली. "आकारामराव, कुठं हाईसा? निवड म्हंजे निवड हाय तुमची." आवाज आता जरा ओला झाला होता, शब्दांच्या कडा गेल्या होत्या.

खूश आहेत, एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. दोन शब्द बोलले की शालू बांधला जाणार, मांडव पडणार, लग्न थाटात लागणार आणि चौगुल्यांनी काय छान केलं असं गारगोटीपर्यंत सगळे म्हणणार. मग एके दिवशी त्याची पोरगी दुसऱ्याच्या घरातल्या कपाटाला पाठ लावून बसणार. तू राहशील त्या घरात हा वास येणार नाही, असं तो बोलून बसला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण न प्यायलं की झालं. आज त्यानं स्वतःच्या हातानं, तारीख बघून, उजेडात धरून, तोच वास तिच्या सासऱ्यासाठी निवडून आणला होता.

"पप्पा? आवाज येतोय ना?"

"येतोय. तेजू, जरा थांब. राजवीररावांस्नी तुझ्यासंगं बोलायचंय."

त्यानं मोबाइल पुढं केला. राजवीर मागं सरकला आणि त्याची पाठ गाडीला लागली. "मामा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मोडंल हो."

"मोडंल," आकाराम म्हणाला. "न्हायतर न्हाय मोडणार. ते तिला ठरवू दे. तिला न ईचारता तिला राखणीला बसवायचं, ह्ये मी एकडाव केलंय. परत न्हाय."

राजवीरनं मोबाइल घेतला, पण कानाला लावला नाही. तेजस्वी हॅलो हॅलो करत होती. आंब्याखाली देसायांनी पुन्हा हाक मारली आणि सम्राटनं बर्फासाठी बोंब ठोकली. आकारामनं डिकीतला टॉवेल उचलला, छातीशी धरला आणि तिथंच गाडीच्या मागच्या बंपरवर बसला. पोरगा पळून जाऊ नये म्हणून बसला, की त्याला एकटं वाटू नये म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पिशवीतला बर्फ वितळून त्याच्या चपलेवर गळायला लागला.

शेवटी राजवीरनं मोबाइल कानाला लावला.

"तेजू, मी बोलतोय," तो म्हणाला. "तो शालू बांधू नका म्हणून सांग जरा. आधी माझं ऐक."